इथे भोक पडलंय

७ जानेवारी

बाईंचं हस्तलिखित आलं. कुरियरवाल्याने सही घेतली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "इथे नक्की काय चालतं?" म्हटलं, पुस्तकं काढतो. "कसली?" म्हटलं, कोणी वाचत नाही तसली. तो हसला आणि गेला. या आठवड्यात माणसाशी झालेलं माझं हे सर्वांत मोठं बोलणं, म्हणून लिहून ठेवतो.

हात धुऊन गठ्ठा उघडला. बाईंच्या कागदांना मी खरकट्या हाताने शिवत नाही. नाव आहे 'घरातल्या वस्तू'. एकेका वस्तूवर चार-पाच ओळी, चित्रकला शिकवणाऱ्या हाताचं ते गोलसर अक्षर, आणि मधेमधे कोऱ्या जागा. ज्या वस्तूबद्दल लिहिलंय, नेमकी तीच गायब! एक इथे उतरवून ठेवतो:

"चहा उकळला की मी …… शोधते. ती जिथे असायची तिथेच असते. मीच नसते."

वाचलं आणि उठून उभा राहिलो. खोलीत कोणी असतं तर त्याला गदागदा हलवून सांगितलं असतं. कोणी नव्हतं, म्हणून म्हशीच्या पाठीवर थाप मारली. म्हैस म्हणजे माझं छपाईचं यंत्र. काळं, अवजड आणि मनात असेल तेव्हाच चालणारं.

बाईंची चार पुस्तकं मी काढली. एक पट्टीसारखं उलगडणारं. एक सुट्या पानांचं, डब्यात घातलेलं. त्याच्या पहिल्या प्रती बाइंडरने "शिवायचं राहून गेलं वाटतं" म्हणत प्रेमाने शिवून पाठवल्या होत्या. पण पुस्तक कसलंही असो, आमची एक रीत होती. शब्द सापडला नाही की बाई तेवढी जागा सोडून पुढे जायच्या. मग रविवारी फोनवर म्हणायच्या, "संपादक, इथे भोक पडलंय. बघ काही सापडतं का." मी शब्द सुचवायचो, त्या एकेक उडवून लावायच्या, "हा फार शहाणा आहे," "याला बूट घातलेत," असं काहीतरी म्हणत. शेवटी एखादा बसायचा. अर्धा रविवार त्यात जायचा आणि तो माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ असायचा.

या वेळी त्यांनी भोकं तशीच ठेवून पाठवलीत. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. म्हणजे त्यांना आता माझ्या शब्दांची गरज उरलेली नाही. भोकं हेच लेखन. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संपादकाने आपलं वाईट वाटणं बाजूला ठेवावं आणि कामाला लागावं.

८ जानेवारी

सकाळी बाईंचा फोन. "मिळालं का रे?" म्हटलं, मिळालं, वाचलं, काय बोलू बाई, तुम्ही कमाल केलीत. दुपारी पुन्हा फोन, "मिळालं का?" संध्याकाळी पुन्हा. पाचवं पुस्तक काढणारी बाई, अन् धाकधूक पहिल्या पुस्तकासारखी! मी तिन्ही वेळा तेच कौतुक तितक्याच उत्साहाने केलं. एका दिवसात मला तीन फोन. असा दिवस मागे कधी आला होता ते आठवत नाही.

११ जानेवारी, रविवार

ठरल्याप्रमाणे मी फोन केला. पहिला प्रश्न नेहमीचाच. "जेवलास का?" जेवलो म्हटलं. म्हशीजवळ उभं राहून पावाचे दोन तुकडे खाल्ले होते, त्याला जेवण म्हणायला हरकत नसावी.

मग 'फोन' या तुकड्याबद्दल बोललो. अख्ख्या हस्तलिखितातला मला सर्वांत आवडलेला:

"रविवारी …… फोन करतो. जेवलो म्हणतो. आवाजावरून कळतं, जेवलेला नाही. मी पुन्हा विचारत नाही. लाजेल."

कोण फोन करतो, ते बाईंनी सांगितलेलंच नाही. दूर गेलेला मुलगा? पण मुलगा तर घरातच असतो. वारलेला नवरा? मी दोन दिवस विचार करत होतो. माझ्या मते ते मरण आहे. उपाशी मरण दर रविवारी फोन करतं आणि जेवलो म्हणून खोटं सांगतं! बाईंना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असेल बाबा." लेखकाने आपलं गुपित फोडू नये, हे त्यांच्याकडून शिकावं.

१५ जानेवारी

ताईचा फोन. माझी बहीण वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. "अजून चाललंय का तुझं ते खूळ?" चाललंय म्हटलं. "मग बंद कधी करतोस? इकडे ये. वरची खोली रिकामी आहे. निदान ताटावर बसून जेवशील." म्हटलं, ताई, बाईंचं पुस्तक होऊ दे, मग बघू.

हे मी सहज बोललो, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की खरंच तसं आहे. बाकीचे लेखक गेले. कोणी मोठ्या प्रकाशकाकडे, कोणी नोकरीत, एक तर चक्क घरं विकतो. भागीदार जाहिराती लिहायला गेला, त्याची खुर्ची अजून कोपऱ्यात आहे, तिच्यावर मी कागद ठेवतो. उरल्या एकट्या बाई. हे पुस्तक नीट निघालं नाही, तर उद्या सकाळी उठून शटर उघडायला मला काही कारणच राहत नाही.

२० जानेवारी

जुळणी सुरू केली. हस्तलिखितातली प्रत्येक कोरी जागा पट्टीने मोजतो आणि छापील पानावर तेवढीच ठेवतो. लहान भोक लहान, मोठं भोक मोठं. अक्षर लहान झालं तरी जागा आहे तेवढीच. एका शब्दाची जागा चुकून थोडी आवळली गेली, तर सगळं पान पुन्हा लावलं. कोणाला कळणार आहे? बाईंना कळेल.

एक गंमत. खिडकीवरचा तुकडा दोनदा आलाय, शब्दन् शब्द तोच, फक्त दुसऱ्या वेळी भोकं जास्त आहेत. आधी वाटलं, पान चुकून दोनदा आलं असेल. मग डोक्यात प्रकाश पडला. तीच खिडकी, पण मधे काळ गेलाय! दोन्ही ठेवले.

२९ जानेवारी

बाई स्वतः आल्या! न कळवता. टॅक्सीवाला दारापर्यंत पोचवायला आला, हातात चिठ्ठी. "यांना इथेच यायचं होतं ना?" बाईंना म्हटलं, वीस वर्षं येताय आणि पत्ता लिहून आणता? त्या म्हणाल्या, "गल्ल्या बदलतात रे." पायात एक चप्पल तपकिरी, एक काळी. म्हटलं, हाही प्रयोग का? त्यांनी पायांकडे पाहिलं आणि हसल्या. मग जरा वेळाने पुन्हा पायांकडे पाहिलं.

भागीदाराच्या खुर्चीवरचे कागद उचलून त्यांना बसवलं. किती महिन्यांनी त्या खुर्चीवर माणूस! लावलेली पानं दाखवली. त्यांनी एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सांग ना, इथे काय?"

मला बोलायला कोणी मिळत नाही, त्यामुळे मिळालं की मी थांबत नाही. त्यांना सांगितलं की इथे काय आहे ते वाचकाने सांगायचं. कोरी जागा म्हणजे उणीव नाही, ती आमंत्रण आहे, वगैरे वगैरे. चांगलं अर्धा तास बोललो असेन. बाई ऐकत होत्या. बोट तिथेच होतं. शेवटी म्हणाल्या, "तू हुशार आहेस." आणि थोड्या वेळाने, "पण तुला माहीत असेल ना, काय आहे ते?" म्हटलं, माहीत असलं तरी सांगणार नाही! त्यावर त्यांनी बोट उचललं.

जाताना दारात थांबल्या. काहीतरी विचारायचं होतं बहुतेक, पण टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. त्या गेल्यावर खोली होती त्याहून रिकामी वाटली. खुर्चीवर कागद परत ठेवायला हात होईना. आजच्या दिवस ती तशीच राहू दिली.

८ फेब्रुवारी, रविवार

मुद्रितं तपासायला पाठवली होती ती परत आली. एकही खूण नाही. बाई काना-मात्रेवरून भांडणाऱ्या. मागच्या पुस्तकाच्या वेळी एका स्वल्पविरामापायी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. या वेळी एक रेघसुद्धा नाही! माझ्या कामावर इतका भरवसा त्यांनी कधी दाखवला नव्हता. छाती फुगली.

पण पानांचा क्रम मात्र पार बदलून टाकलाय. दारापासून सुरू होऊन खिडकीपाशी संपणारं पुस्तक आता मधूनच सुरू होतं आणि कुठेच संपत नाही. खिडक्या दोन्ही शेजारी-शेजारी, 'फोन' सर्वांत शेवटी. आधी चरफडलो, कारण सगळी पानं पुन्हा लावायची. मग नव्या क्रमाने वाचलं. अंगावर काटा आला. आपल्याच घरात रस्ता चुकल्यासारखं वाटतं. हे ठरवून करायला केवढी ताकद लागत असेल!

संध्याकाळी फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं का रे?" म्हटलं, होतंय, छपाई पुढच्या आठवड्यात. "आणि ते... ते झालं का?" म्हटलं, सगळं होणार बाई, तुम्ही निवांत राहा.

हल्ली त्या मला 'संपादक' म्हणत नाहीत. नुसतं 'अरे'. वीस वर्षांनी का होईना, जवळीक वाढली.

१७ फेब्रुवारी

म्हैस आज शहाण्यासारखी चालली. एकट्याने कागद लावायचे, एकट्याने उचलायचे, मधेच शाई बघायची. छापलेली पानं वाळत घातली. दोरीवर, टेबलावर, पलंगावर, सगळीकडे घरातल्या वस्तू आणि त्यांची भोकं. झोपायला जागा नाही. खुर्चीत बसून जेवलो. खुर्चीत म्हणजे भागीदाराच्या.

इतका आनंद झाला की कोणाला तरी फोन करावासा वाटला. मंगळवार होता, त्यामुळे केला नाही.

१९ फेब्रुवारी

छापलेल्या पानांचे फर्मे बाइंडरकडे दिले. पानं चाळून म्हणाला, "शाई कमी पडली का?" म्हटलं, मुद्दाम आहे. "तुमच्याकडे सगळं मुद्दामच असतं," असं म्हणून त्याने गठ्ठा उचलला. बाईंच्या घरी प्रकाशनाचं कार्ड पाठवलं. कार्यक्रम इथेच, खुर्च्या शेजारच्या क्लासकडून आणायच्या.

२३ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

दुपारी बाईंची सून आली. लग्नात पाहिली असेल, एरवी फोनवर "देते हं आईंना" एवढाच आवाज. हातात मी पाठवलेलं कार्ड. बसली नाही.

"यांनी पाठवलंय मला. म्हणजे मीच आले, हे येणार होते. चिडलेत," ती म्हणाली. "पुस्तक छापून झालं?"

"झालं. बांधायला गेलंय."

"तसंच? म्हणजे ते रिकामं ठेवून?"

मी माझं आमंत्रणाचं भाषण सुरू केलं. दोन वाक्यं झाली असतील. ती माझ्याकडे असं बघत होती की मी आपोआप थांबलो.

"तुम्हाला कोणीच सांगितलं नाही का? मला वाटलं, दर रविवारी बोलता, तुम्हाला कळलं असेल," ती म्हणाली. "आईंना शब्द सापडत नाहीत हो. वर्ष होईल. आधी वस्तूंची नावं गेली, आता माणसांचीही जायला लागलीत. डॉक्टर म्हणाले, हे असंच पुढे जाणार."

मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक "पण हस्तलिखित..." असं काहीतरी.

"त्यांना लिहायचं होतं. सगळं जायच्या आत घरातलं सगळं लिहून काढते म्हणाल्या. जिथे अडायचं तिथे जागा सोडायच्या. मी म्हटलं, आई, मी सांगते ना शब्द. तर म्हणाल्या, तू नको, संपादक भरेल. आमचं ठरलेलं आहे. मी भोकं पाठवते, तो भरून पाठवतो." तिने कार्ड टेबलावर ठेवलं. "रोज विचारायच्या, भरून आलं का. त्या दिवशी मला न सांगता टॅक्सी करून तुमच्याकडेच आल्या होत्या. परत आल्या त्या गप्प. मी विचारलं तर म्हणाल्या, त्यालाही माहीत नाही गं."

त्यानंतर ती म्हणाली की तिच्या नवऱ्याचं म्हणणं आहे, पुस्तक थांबवा. लोक आईला हसतील, आणि त्याला आईचं हसं झालेलं चालणार नाही. मी मान हलवली. ती गेली. चहासुद्धा विचारला नाही मी तिला.

दिवसाचे तीन फोन. दोन रंगांच्या चपला. पत्त्याची चिठ्ठी. विस्कटलेली पानं. दोनदा आलेली खिडकी. आणि मी पट्टी घेऊन भोकं मोजत बसलो होतो. बाई मदत मागत होत्या आणि मी टाळ्या वाजवत होतो. मी इतका मूर्ख आहे हे मला माहीत नव्हतं. बोलायला कोणी आहे याच्याच आनंदात होतो मी, ते माणूस काय बोलतंय हे ऐकलंच नाही.

२४ फेब्रुवारी

बाइंडरकडे गेलो, काम थांबवायला सांगितलं. निम्म्या प्रती शिवून झाल्यात. काय चुकलं विचारत होता. म्हटलं, त्या कोऱ्या जागा मुद्दाम नव्हत्या. तो बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. "तुमच्या पुस्तकात चूक कुठली आणि मुद्दाम कुठलं, हे मला आजवर कळलं नाही. आता तुम्हालाही कळेना का?" एरवी मी फणकारलो असतो.

२६ फेब्रुवारी

काही केलं नाही. शटर उघडलं नाही.

१ मार्च, रविवार

फोन केला नाही. करून काय बोलणार? दिवसभर फोनकडे बघत बसलो. तिकडूनही आला नाही. त्यांना रविवार आहे हे कळलं असेल का, हा विचार मनातून जाईना.

२ मार्च

ताईला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल आता तरी ये इकडे. ती म्हणाली, "भरून दे म्हणाल्या होत्या ना त्या? मग भर की. रडतोस काय?" आणि फोन ठेवला. बहिणीला साहित्यातलं काही कळत नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

४ मार्च

बाईंच्या घरी गेलो. वीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्याच माझ्याकडे यायच्या, मी फोनवर भागवायचो. बरोबर छापलेल्या पानांचा एक जोड आणि मऊ पेन्सिल.

दार मुलाने उघडलं. "तुम्ही!" एवढंच म्हणाला, पण त्यात सगळं आलं. मी म्हटलं, "पुस्तक थांबवलंय. तुम्ही नको म्हणाल तर सगळं रद्दीत देईन. पण एक काम माझ्याकडे राहिलंय, तेवढं करू द्या." तो बाजूला झाला.

बाई खिडकीपाशी होत्या. मला पाहून हसल्या, घरी पाहुणा आला की हसतात तसं. "या, बसा," म्हणाल्या. मला. बसा.

बसलो. पानं पलंगावर ठेवली आणि वाचायला लागलो. "चहा उकळला की मी..." आणि थांबलो. बाईंनी पुढे वाकून त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे भोक पडलंय," त्या म्हणाल्या. फोनवर म्हणायच्या अगदी त्याच सुरात. मी रडायला आलो नव्हतो.

"किटली?" मी विचारलं.

"छे!"

"बशी?"

"हट्. बशी कशाला?" त्यांनी एक हात हवेत धरला आणि दुसऱ्याने त्यावर काहीतरी ओतलं.

"गाळणी!"

"गाळणी!" बाई ओरडल्याच. "गाळणी, गाळणी." हरवलेलं पोर सापडल्यासारखा तो शब्द त्यांनी दोन-तीनदा जवळ घेतला. मग माझ्या हातातल्या पेन्सिलकडे बोट दाखवलं. "लिहा. पेन्सिलनेच लिहा. खोडता येतं." चित्रकलेच्या बाई त्या.

दुपारभर तेच. उशी, कुलूप, सुईचा डबा, आरसा. एक शब्द मी सुचवला तर नाक मुरडून म्हणाल्या, "याला बूट घातलेत." तेव्हा मी हसलो आणि मग हसू आवरेना, सून स्वयंपाकघरातून बघायला आली. काही शब्द सापडून पुन्हा सांडले. खिडकी दोनदा भरली. दुसऱ्या खिडकीत त्यांना वेगळे शब्द हवे होते. ते वेगळे आहेत हे त्यांना माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. माहीत असल्या-नसल्याची भाषणं मी बंद केलीत.

एका ठिकाणी मात्र पुरता अडलो. "दार वाऱ्याने आपटू नये म्हणून …… बसवलाय. तो कधी झोपत नाही." मी ठोकळा म्हटलं, दगड म्हटलं, धोंडा म्हटलं. बाई चिडायला लागल्या. डोळ्यांत पाणी.

"पहारेकरी," मागून आवाज आला. मुलगा दारात उभा होता, केव्हापासून कोण जाणे. "बाबांनी एक ठोकळा तासला होता दाराला लावायला. त्याला नाक-डोळे आईने काढले. आम्ही त्याला पहारेकरी म्हणायचो." बाईंनी टाळी वाजवली. मुलगा आत आला, पलंगाच्या कडेला बसला, आणि पुढचा शब्द माझ्याआधी त्यानेच सांगितला.

सगळ्यात शेवटी 'फोन' आला. मी वाचलं. "रविवारी …… फोन करतो. जेवलो म्हणतो. आवाजावरून कळतं, जेवलेला नाही." वाचता वाचताच माझा आवाज बदलत गेला असावा. इतक्या वेळा वाचलेला तुकडा, पट्टीने मोजलेला, आणि मला मरण दिसलं होतं त्यात.

"इथे कोण, बाई?" मी विचारलं.

बाईंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मुलगा म्हणाला, "आई, हे..." मी त्याला हातानेच थांबवलं.

"आहे एक," बाई म्हणाल्या. "तो... पुस्तकं करतो. चांगला आहे. एकटाच असतो बिचारा. त्याला जेवलास का विचारणारं कोणी नाही, म्हणून मी विचारते." मग माझ्याकडे वळून, अगदी परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने, "तुम्ही ओळखता का त्याला?"

"थोडाफार," मी म्हटलं.

"मग सांगा त्याला. म्हणावं, जेवत जा वेळेवर."

सांगतो म्हटलं.

निघताना मुलगा खालपर्यंत आला. मग म्हणाला, "रद्दीत देऊ नका. पण हे सगळं भरा त्यात. आणि तो पहारेकरी कुठेतरी माळ्यावर असेल, बघतो मी."

१६ मार्च

राहिलेल्या प्रतीही शिवून आल्या. दिवसभर टेबलाशी बसून पेन्सिलने भरतो. गाळणी. उशी. कुलूप. पहारेकरी. प्रत घ्यायची, भरायची, बाजूला ठेवायची. काही जागांत शब्द सैल बसतो, काही ठिकाणी बाहेर येतो. बाईंनी शब्द हरवताना माप घेतलं नव्हतं, माप मी घेतलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं गोल नाही, पण जमेल तितकं गोल काढतो. खोलीत नेहमीसारखंच कोणी नाही. पेन्सिलचा आवाज तेवढा येतो.

शेवटच्या पानावरची जागा भरली नाही. सून फोनवर म्हणाली, "संपादक लिहा की, त्या तुम्हाला तेच म्हणायच्या." पहिल्या प्रतीत पेन्सिल टेकवली होती. माझ्याच हाताने तो शब्द लिहवेना. सगळ्या प्रतींत ती तशीच कोरी ठेवली. कोणी विचारलं तर अर्थ सांगणार नाही. मरण नाही, एवढं मात्र ठामपणे सांगेन.

२२ मार्च, रविवार

ताटावर बसून जेवलो. भात, भाजी, सगळं. मग फोन लावला.

सुनेने बाईंकडे दिला. "कोण?" त्या म्हणाल्या. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

"हो," बाई म्हणाल्या. "आवाजावरून कळतंय."